नारळ डोक्यात पडून दरवर्षी १५० माणसं मरतात? हे मोजतं कोण?

घोडबंदरकर

मंडळी, एक शंका. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कडेला चार माड आहेत, बिल्डर यायच्याही आधीचे. ए-विंगमधल्या एका काकांनी ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: जगात दरवर्षी १५० माणसं नारळ डोक्यात पडून मरतात, शार्कने मरतात त्याच्या कितीतरी पट. झालं! येत्या सर्वसाधारण सभेत माड तोडायचा ठराव येतोय.

मी माडांच्या बाजूचा. पण भांडायचं तर हातात काही असावं म्हणून शोधायला बसलो आणि भलतीकडेच पोचलो. एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, अपघाती मृत्यूंचा अहवाल उघडला. २०२२ साली देशात ४,३०,५०४ अपघाती मृत्यू. त्यात वीज पडून २,८८७. बोअरवेलमध्ये पडलेल्यांचा रकाना वेगळा, खड्ड्यात-मॅनहोलमध्ये पडलेल्यांचा वेगळा. नारळ कुठेच नाही. उलट हार्ट अ‍ॅटॅक आहे, ३२,४५७! हार्ट अ‍ॅटॅक हा अपघात कधीपासून झाला?

तर विचारायचं ते असं, की असे विरळा मृत्यू देशोदेशी मोजतात कसे? आणि एका देशाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी मांडण्यात काही अर्थ आहे का?

कोपरीचा_काका

ए-विंगवाल्यांना सांगा, माड काढून तिथे टाकीत शार्क पाळा. आकडेवारीनुसार जास्त सुरक्षित.

अ_ति_शहाणा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. खोबरं घातलेले.

सुमा_संख्या

१५०चा उगम बऱ्यापैकी माहीत आहे. पीटर बार्स नावाचे डॉक्टर पापुआ न्यू गिनीच्या मिल्ने बे प्रांतात, आलोताऊच्या रुग्णालयात होते. इजा होऊन दाखल झालेले चार वर्षांतले रुग्ण त्यांनी तपासले, तर अडीच टक्के नारळ पडून जखमी झालेले निघाले. १९८४ साली 'जर्नल ऑफ ट्रॉमा'त लेख आला. दोघे जण गावातच जागच्या जागी गेल्याचा उल्लेख त्यात आहे. माणसं माडांखाली राहतात, झोपतात अशा एका प्रांताची ती गोष्ट. २००१ साली लेखाला इग् नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं, आणि पुढच्याच वर्षी एका ब्रिटिश प्रवास-विमा कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकात '१५०' अवतरला. मूळ लेखात तो नाही.

मृत्यूच्या नोंदींतून तो निघणंही अवघड. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-१०मध्ये, वरून काही अंगावर पडून झालेल्या मृत्यूला डब्ल्यू२० हा एकच कोड आहे. नारळ, वीट, बांधकामावरची सळई, सगळं त्यातच. मगरीला मात्र स्वतंत्र कोड, डब्ल्यू५८.

तळकोकणी

आमच्याकडे म्हणतात, नारळाक डोळे असतत, तो माणसाच्या डोक्यार पडणा नाय. एवढं आयुष्य माडांखाली गेलं, नारळ लागून मेलेला माणूस बघितला नाही. माडावरून पडून गेलेले मात्र बघितलेत, पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे. पावसात खोड शेवाळलेलं असतं, हात सुटतो. आणि खालच्या माणसाला खरी भीती सुक्या चुडताची, म्हणजे झावळीची. नारळ सरळ खाली येतो, चूडत वाऱ्यावर कुठेही जातं.

सुमा_संख्या

@तळकोकणी, बघा, म्हणजे तुमच्या पाडेल्याला तिसराच कोड: डब्ल्यू१४, झाडावरून पडणं. एका माडाचे बळी दोन रकान्यांत विभागले गेले, आणि 'माड' हा शब्द दोन्हीकडे नाही.

डॉ_ऐरोली

मी काही काळ न्यायवैद्यक विभागात काढला आहे, म्हणून दोन शब्द.

घोडबंदरकर, हार्ट अ‍ॅटॅक त्या अहवालात येतो कारण तो अहवाल पोलिसांच्या नोंदींवर उभा आहे. माणूस रस्त्यात, स्टेशनवर, लॉजमध्ये अचानक गेला की पोलीस येतात, अकस्मात मृत्यू दाखल होतो, मग शवविच्छेदनात हृदयविकार निघाला तरी तो 'सडन डेथ' म्हणून तक्त्यात जातो. घरात पलंगावर हार्ट अ‍ॅटॅकने गेलेला त्यात नाही. म्हणजे तो आकडा हृदयविकाराचा म्हणूनही निरुपयोगी आणि अपघाताचा म्हणूनही.

दुसरी वाट आरोग्य खात्याची. मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, नमुना ४ आणि ४-ए. २०२०च्या आकडेवारीत नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांना डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. आणि त्या प्रमाणपत्रांवर काय असतं? 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. अहो, मेलेल्या प्रत्येकाचं हृदय आणि श्वास थांबलेलाच असतो! फॉर्मवर स्पष्ट सूचना असते की मरण्याची पद्धत लिहू नका, कारण लिहा. कोण वाचतो?

आता ठाणे-नवी मुंबईतला एक विषय. बाथरूममधला गॅस गिझर. छोटी बाथरूम, खिडकी बंद, गिझर आतच. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. वास नाही, रंग नाही. गॅस गळला तर वास येईल, इथे गळतच नाही, जळतोय. माणूस चक्कर येऊन पडतो. पुस्तकातला चेरीसारखा लालसर रंग आपल्या सावळ्या कातडीवर चटकन दिसत नाही. वय साठीचं असेल आणि बीपीची गोळी चालू असेल तर फॅमिली डॉक्टर 'हार्ट' लिहून मोकळा. रक्तात कार्बॉक्सिहिमोग्लोबिन बघायचं कोणाला सुचलं तरच तो मृत्यू विषारी वायूच्या रकान्यात जाणार.

वाशीकर_वैतागलेला

डॉक्टर, आत्ता उठून बाथरूमची खिडकी उघडून आलो. धन्यवाद. आणि शिव्याही, कारण समोरच्या इमारतीचं बांधकाम चालू आहे आणि सगळी धूळ आत आली.

निवृत्त_ठाणेदार

डॉक्टर बरोबर आहेत, पण पोलिसांचीही बाजू ऐका. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातलं पूर्वीचं सीआरपीसी कलम १७४, आता नव्या बीएनएसएसचं १९४. अकस्मात मृत्यू आला की घटनास्थळ, पंच, इन्क्वेस्ट पंचनामा, मग बॉडी सिव्हिलला. नातेवाईक पहिलं वाक्य बोलतात, "साहेब, चिरफाड नको." स्थानिक पुढारी दुसरं वाक्य बोलतात, तेही तेच. पोस्टमॉर्टेम झालं तरी 'कारण राखीव, व्हिसेरा ठेवला आहे' असं लिहून येतं. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. रिपोर्ट येईपर्यंत तपास करणाऱ्याची बदली झालेली असते आणि वर्षाचा तक्ता केव्हाच वर गेलेला असतो. तक्त्यात तोपर्यंत काय भरलं असेल? तुम्हीच ओळखा.

मुंबईत पूर्वी अशा मृत्यूंची चौकशी करणारं कॉरोनर कोर्ट होतं, १८७१च्या कायद्याचं. १९९९ साली बंद झालं. आमच्या ठाण्याला ते कधीच लागू नव्हतं. मुलुंडचा चेक नाका ओलांडला की मरणाची चौकशी करणारा माणूस बदलायचा.

अ_ति_शहाणा

म्हणजे जकात आणि कॉरोनर, दोन्ही एकाच नाक्यावर.

न्यूजर्सीची_नणंद

इथे अमेरिकेत अलीकडे वीज पडून वर्षाला साधारण वीस माणसं जातात. तिकडे २,८८७! राग मानू नका, पण आपल्या लोकांना स्वतःच्या जिवाची किंमत नाही. पावसात झाडाखाली उभे राहतात.

सुमा_संख्या

@नणंदबाई, राग नाही, पण गणित पुरं करू. ३३ कोटींत वीस म्हणजे दहा लाखांमागे सुमारे ०.०६. आपले १४० कोटींत २,८८७ म्हणजे दहा लाखांमागे दोन. तीसेकपट. आता तुमच्याकडचं १९४० चं दशक बघा. लोकसंख्या १३-१४ कोटी आणि वीज पडून वर्षाला तीनशेच्या वर मृत्यू. १९४३ साली चारशेच्याही वर. तेव्हाचा अमेरिकन दर आजच्या आपल्या दराच्या बरोबरीने, किंबहुना थोडा जास्तच होता.

तेव्हाच्या अमेरिकन माणसाला जिवाची किंमत नव्हती असं म्हणायचं का? तो शेतात होता. नंतर शेतात माणसं कमी झाली, पक्क्या घरांत नळाचे पाइप आणि वायरिंग आलं, जे वीज जमिनीत उतरवतं, आणि बंद पत्र्याची मोटार आली. आपल्याकडे भात लावणीच्या दिवसांत मुरबाड-शहापूरच्या शेतात उभी असलेली बाई सपाट खाचरातली सगळ्यात उंच वस्तू असते. झाडाखाली नाही तर जाणार कुठे? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप आहे, चांगलं आहे, पण इशारा मिळाल्यावर शिरायला पक्कं छप्पर जवळ हवं ना.

आणि आपला आकडाही पूर्ण नाही. जिथे नुकसानभरपाई आहे तिथे नोंद नीट होते. ओडिशात वीज पडून गेलेल्याच्या घरच्यांना चार लाख मिळतात. मग पंचनामा होतो, तलाठी येतो, मृत्यू कागदावर येतो.

तळकोकणी

भरपाईचं अगदी खरं. आपल्याकडे शेतकरी अपघात योजनेत दोन लाख आहेत, साप चावून गेला तरी. त्यासाठी पोस्टमॉर्टेम लागतं, तेव्हा कोणी 'चिरफाड नको' म्हणत नाही.

डॉ_ऐरोली

सापाचा विषय निघालाच आहे तर ऐका, कारण या सगळ्या धाग्यात तोच सगळ्यात मोठा घोळ आहे.

सरकारी दवाखान्यांच्या नोंदींत सर्पदंशाचे मृत्यू वर्षाला काही हजार दिसत. मग महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीला जोडून 'मिलियन डेथ स्टडी' झाली, प्रभात झा यांच्या पुढाकाराने. निवडलेल्या गावांत-वस्त्यांत घरोघरी जाऊन विचारायचं: तुमच्या घरात कोण गेलं, कसं गेलं, शेवटच्या दिवसांत काय काय झालं. ती हकीकत दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता वाचणार आणि कारण ठरवणार. २०११ साली निष्कर्ष आला: २००५ या एका वर्षात भारतात साप चावून सुमारे ४६,००० मृत्यू. नंतरच्या विश्लेषणात २००० ते २०१९ मिळून सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००.

हे काही हजारांचे पन्नास हजार कसे झाले? माणूस दवाखान्यात पोचतच नव्हता. मांत्रिकाकडे, वाटेत, घरीच. त्यातून मण्यार असेल तर विचारूच नका. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, श्वास थांबतो. घरचे सांगतात, "झोपेतच गेला." त्यांचं खोटं नसतं.

आपल्या शेजारच्या रायगडात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून माणसं वाचवली ती अशाच ठिकाणी बसून. रुग्ण स्वतः बघितले, प्रत्येकाची टिपणं ठेवली. तेव्हा ज्या मृत्यूला आपण 'विरळा' म्हणतो तो विरळा आहे की नुसता नजरेबाहेर आहे, हे आधी ठरवावं लागतं.

ओसाकाकर

उलटं उदाहरण जपानचं देतो. श्रीमंत देश, प्रत्येक मृत्यू नोंदलेला. तरी गोंधळ आहेच. हिवाळ्यात म्हातारी माणसं थंडगार न्हाणीघरातून कढत पाण्याच्या खोल टबात उतरतात, रक्तदाब एकदम ढासळतो, शुद्ध हरपते आणि तोंड पाण्याखाली जातं. आता हा बुडून मृत्यू की हृदयविकार? डॉक्टर जे लिहील ते. शवविच्छेदन फारसं होत नाही. सरकारी वैद्यकीय तपासनीसांची नीट चालणारी व्यवस्था तोक्यो, ओसाका, कोबे अशा थोड्याच शहरांत. तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या एका संशोधन गटाने अंदाज बांधला की आंघोळीशी संबंधित मृत्यू वर्षाला सुमारे १९,००० असावेत. अधिकृत 'अपघाती बुडणे' त्याच्या बरंच खाली. आणि रस्ते अपघातात हल्ली तीन हजारांच्या आत! त्यातही पोलिसांचा नेहमीचा आकडा २४ तासांत मेलेल्यांचाच असतो. बाहेरच्या जगाशी तुलना करायची तर ३० दिवसांचा वेगळा आकडा घ्यावा लागतो.

जानेवारीत मोची नावाचा चिकट भाताचा गोळा घशात अडकून म्हातारी माणसं जातात, अग्निशमन दल दरवर्षी इशारा देतं. आमच्या आईला सांगितलं तर म्हणाली, "मग लहान घास घ्यावेत."

कोपरीचा_काका

आईंना दंडवत.

बेलापूर_लोकल

खारघर कोणी काढलं नाही अजून? १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण सोहळा, भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण गेले. त्या एका दिवसाला सगळा देश बघत होता म्हणून ते 'उष्माघात' ठरले. त्याच आठवड्यात कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलला एखादा हमाल एकटा उन्हात कोसळला असता तर काय लिहिलं असतं?

डॉ_ऐरोली

'हृदयक्रिया बंद पडून.' उष्माघाताची शवविच्छेदनात अशी खास खूण सापडत नाही. माणूस जिवंत असताना किंवा गेल्या गेल्या शरीराचं तापमान मोजलं असेल तर ठामपणे म्हणता येतं. थर्मामीटर लावलाच नाही तर पुरावा बॉडीबरोबर थंड झाला. २०२२ साठी एनसीआरबीचे उष्माघाताचे मृत्यू ७३०. हवामान खातं आणि आरोग्य खातं स्वतःचे वेगळे आकडे देतात आणि तिन्हींचा मेळ बसत नाही, कारण एक पोलीस ठाण्यातून मोजतो, एक बातम्यांतून, एक दवाखान्यातून.

वाशीकर_वैतागलेला

मला दुसरंच सांगायचं आहे. आमच्या सेक्टरात एकाच पावसाळ्यात झाडं पडून दोन माणसं गेली. त्याआधी कित्येक वर्षांत एकही नाही. हे काय आपोआप होतं? काहीतरी नक्की बिघडलं आहे.

सुमा_संख्या

बिघडलं असेलही, पण नुसत्या 'दोन'वरून ते कळत नाही. १८९८ साली बॉर्टकिएविच नावाच्या माणसाने प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून मेलेल्यांचा हिशेब मांडला. दहा पलटणी, वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी, एकूण १२२ मृत्यू. १०९ वेळा वर्षभरात कोणीही मेलं नाही, ६५ वेळा एक, २२ वेळा दोन, तीन वेळा तीन आणि एकदा चक्क चार. ज्या पलटणीत चार गेले तिथल्या सेनापतीने नक्की कोणाला तरी फैलावर घेतलं असेल. पण विरळा घटनांसाठीचं प्वासाँचं सूत्र लावलं तर निव्वळ योगायोगानेही जवळपास अशीच वाटणी येते: शून्याच्या १०९, एकाच्या ६६, दोनाच्या २०. विरळा घटना सारख्या अंतरावर येत नाहीत, त्या घोळक्याने येतात.

वकीलवाडी

सुमाताईंच्या मुद्द्याला कोर्टातलं उदाहरण जोडतो. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क, स्वतः सॉलिसिटर, तिची दोन तान्ही बाळं एकामागून एक गेली. तज्ज्ञ डॉक्टर रॉय मेडो यांनी सांगितलं की अशा घरात पाळण्यातला मृत्यू ८,५४३त एकदा, म्हणून दोनदा होण्याची शक्यता त्याचा वर्ग, सात कोटी तीस लाखांत एक. १९९९ साली जन्मठेप. पण एकाच घरातल्या दोन भावांचे मृत्यू स्वतंत्र धरायचे कसे? रक्त एक, घर एक. शिवाय आई दोन बाळांना मारते हेही विरळाच की! दोन विरळा शक्यतांची एकमेकींशी तुलना करायची असते, ती झालीच नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर आक्षेप घेतला. २००३ साली सुटली, २००७ साली वारली.

निवृत्त_ठाणेदार

ताई, वकीलसाहेब, सगळं मान्य. पण हे सूत्र चुकीच्या माणसाच्या हाती द्यायला नको. "योगायोग आहे" म्हणून फाइल बंद करायला सगळेच टपलेले असतात. वाशीकरांच्या सेक्टरात झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलंय का, केबलसाठी मुळं तोडली का, हे जाऊन बघायला नको?

सुमा_संख्या

नक्की बघायला हवं, साहेब. कधीकधी वाढ खरीच असते. जुन्नरचे बिबटे घ्या. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. इकडे पकडलेले बिबटे तिकडच्या जंगलात नेऊन सोडणं सुरू झालं, आणि ते सतरापर्यंत गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तो संबंध दाखवला. तिथे 'योगायोग' म्हणून सोडून दिलं असतं तर पिंजरे लावणं चालूच राहिलं असतं. आमच्या येऊरकडच्यांना हे वेगळं सांगायला नको.

बेलापूर_लोकल

आणि रोज लोकलमधून पडून, रूळ ओलांडताना जातात ते? मुंबई उपनगरी रेल्वेवर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास. नारळ, शार्क, बिबट्या यांवर दोनशे प्रतिसाद येतील. कळवा-मुंब्रा वळणावर नाही येणार.

अ_ति_शहाणा

धागा भरकटून त्याचं काश्मीर व्हायच्या आत मूळ प्रश्नाकडे येऊ या का? घोडबंदरकर, सभा कधी आहे?

घोडबंदरकर

सभा झाली! १५०च्या उगमाचं सुमाताईंनी सांगितलेलं वाचून दाखवलं. काका म्हणाले, "मग खरा आकडा किती ते सांगा." मी म्हटलं, कोणीच मोजलेला नाही. ते म्हणाले, "म्हणजे जास्तही असू शकतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण सेक्रेटरींकडे होतं: झाड तोडायला १९७५च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते, अर्ज कोण करणार? सगळे गप्प. शेवटी ठरलं की पावसाआधी आणि दिवाळीनंतर नारळ उतरवून चुडतं साफ करून घ्यायची आणि खालचं पार्किंग हलवायचं. आता पार्किंगवरून वेगळं भांडण लागलं आहे.

तळकोकणी

पाडेल्याला दोरी-पट्टा द्या आणि त्याचा विमा आहे का विचारा. डब्ल्यू१४ लक्षात आहे ना?

बेलापूर_लोकल

सुमाताई, एक राहिलं. संक्रांतीच्या दिवसांत पुलावर दुचाकीवाल्याचा गळा मांजाने कापतो. नायलॉन मांजावर हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी, तरी चालूच. हे मृत्यू कुठे मोजतात?

निवृत्त_ठाणेदार

गाडीवरून पडला म्हणून बहुधा रस्ता अपघात. मांजा हा शब्द पंचनाम्यात असतो, तक्त्यात नसतो.

सुमा_संख्या

मग पंचनामे वाचल्याशिवाय हाती लागणार नाहीत. ऑस्ट्रेलियात २००० सालापासून कॉरोनरांची सगळी कागदपत्रं एका राष्ट्रीय संगणक-संग्रहात आहेत, तिथे मजकुरात शब्द शोधता येतो. इंग्लंडमध्ये कॉरोनर 'असे मृत्यू पुढे टाळा' म्हणून संबंधितांना लेखी कळवतो आणि त्यांना उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे उरतात वर्तमानपत्रं. सेल्फीच्या मृत्यूंचा तो गाजलेला अभ्यास तसाच झाला: बातम्यांवरून, २०११ ते २०१७, जगात २५९ आणि त्यात भारतात १५९. लोक म्हणाले, भारतीय वेडे. थोडे असू. पण आपल्याकडे अशी बातमी छापणारी वर्तमानपत्रंही भरपूर आहेत.

कोणाकडे मांजाच्या बातम्यांची कात्रणं असतील तर मी तक्ता करायला तयार आहे. तारीख, ठिकाण, पूल की सपाट रस्ता, हेल्मेट होतं का, एवढं पुरे.

निवृत्त_ठाणेदार

माझ्याकडे आहेत, सवयीने कापून ठेवतो. पाठवतो. फक्त एक, ताई: निम्म्याहून जास्त एकाच पेपरातली आहेत आणि त्यांचा वार्ताहर कल्याणच्या पुढे जात नाही.